क्लिप पुढे पाठवू नका, नोंदवून ठेवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सण तोंडावर आला, निवडणूक लागली किंवा देशाच्या दुसऱ्या टोकाला काही घडले, की सोलापुरातही मोबाईलवर ठरावीक क्लिपा फिरायला लागतात. ‘यांच्याकडून फळे घेऊ नका’, ‘यांना घर भाड्याने देऊ नका’, ‘हे इथले नव्हेतच’. बोलणे एखाद्या गुन्हेगाराबद्दल नसते, अख्ख्या मुस्लिम समाजाबद्दल असते. फटका बसतो तो विजापूर वेशीत हातगाडी लावणाऱ्याला, यंत्रमागावर पाळी करणाऱ्याला, शाळेत डबा उघडून एकट्या बसलेल्या पोराला. यावर समाजात दोन प्रतिक्रिया नेहमीच्या. ज्येष्ठ म्हणतात, ‘जाऊ द्या, दोन दिवसांत विसरतील.’ तरुण मुले तीच क्लिप संतापाने वीस ग्रुपवर पाठवतात. गप्प बसले की नोंद राहत नाही, आणि पुढे पाठवली की क्लिपवाल्याचेच काम होते. तिसरा रस्ता कागदाचा आहे, कंटाळवाणा आहे, पण जे काही हाती लागते ते त्याच रस्त्याने. अशा तक्रारी लिहून देण्याचे आणि त्यांचा पाठपुरावा करण्याचे काम आम्ही करतो. त्यातले जे पक्के आहे ते आपल्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

क्लिप आली की पहिले अर्धा तास फक्त ती जपण्याचे काम करायचे. पुढे पाठवायची नाही, ‘बघा काय चाललंय’ म्हणून आपल्याच ग्रुपवरसुद्धा नाही. फेसबुक, यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवरची असेल तर लिंक कॉपी करून ठेवा. खात्याचे नाव, यूजरनेम, पोस्टची तारीख, तुम्ही पाहिली ती वेळ आणि त्या क्षणी दिसणारा पाहणाऱ्यांचा आकडा वहीत लिहा. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. अॅपमध्ये घेतलेल्या स्क्रीनशॉटवर पत्ता दिसत नाही, म्हणून तीच पोस्ट ब्राउझरमध्ये उघडा आणि वरची पत्त्याची पट्टी दिसेल असा फोटो घ्या. मग आधी खाते, नंतर पोस्ट, नंतर खालच्या कमेंट असे सलग एकच स्क्रीन रेकॉर्डिंग करा, मधे कुठेही न तोडता. कमेंट महत्त्वाच्या असतात. ‘उद्याच जाऊ या’, ‘पत्ता द्या’ असल्या कमेंटवरूनच चिथावणीचा परिणाम दाखवता येतो, आणि पोस्टच्या आधी त्याच गायब होतात.

व्हॉट्सअॅपचे जरा वेगळे आहे. रागाने ग्रुप सोडू नका, चॅट साफ करू नका. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून त्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, ग्रुपचे नाव आणि सदस्यसंख्या दिसेल असा दुसरा घ्या, आणि चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. व्हिडिओ दुसऱ्याला पुन्हा व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि मूळ फाइल राहत नाही. म्हणून फोनमधून थेट पेनड्राइव्हवर घ्या. आणि ज्या फोनवर तो पहिल्यांदा आला तो फोन विकायचा नाही, रिसेट करायचा नाही, मुलाच्या हातात द्यायचा नाही. चांगल्या तक्रारी फोन बदलल्यामुळे वाया जातात. ग्रुप अॅडमिनलाच आरोपी करण्याचा हट्टही धरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, की सदस्याने टाकलेल्या मजकुराला अॅडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, दोघांचा समान हेतू दाखवावा लागतो. अॅडमिनला ‘हा मजकूर काढा’ असा लेखी मेसेज करा. तो काढतो की नाही, याचीही नोंद होते.

हे सगळे न्यायालयात टिकायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यातले ‘पासष्ट-ब’ म्हणतात तेच, १ जुलै २०२४ पासून नव्या नमुन्यात. हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या, जालन्याच्या अर्जुन खोतकर निवडणूक प्रकरणात जुलै २०२० मध्ये ठरवले होते. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत. पहिला फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी हा आकडा पूर्ण वेगळा येतो. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ या पद्धती दिल्या आहेत. फाइल पेनड्राइव्हवर घेतली त्याच दिवशी हॅश काढून वहीत उतरवा. सहा महिन्यांनी काढलेल्या हॅशवर ‘मधल्या काळात काय केले?’ हा प्रश्न ठरलेला.

आता क्लिप खरी आहे का, ते पाहायचे. व्हिडिओ थांबवून तीन-चार चित्रे काढा आणि चित्रावरून शोध घेण्याच्या सोयीत टाका. पाट्यांची भाषा, गाड्यांचे नंबर, लोकांचे कपडे, ऋतू बघा. एप्रिल २०२० मध्ये पोलिसांवर थुंकणाऱ्या माणसाचा एक व्हिडिओ तबलिगी जमातचा म्हणून देशभर फिरला. तो मुंबईतल्या एका कच्च्या कैद्याचा, फेब्रुवारीतला, करोनाशी काडीचा संबंध नसलेला होता. बोहरा समाजाची मंडळी ताटे चाटूनपुसून साफ करताना दिसतात तो व्हिडिओ ‘रोग पसरवतात’ म्हणून चालवला गेला. अन्नाचा कण वाया घालवायचा नाही, ही त्यांची रीत त्यात दिसत होती. जुनी क्लिप नवी म्हणून चालवली हे दाखवता आले, तर तक्रारीचे वजन दुप्पट होते, कारण आता प्रश्न मताचा राहत नाही, खोट्याचा होतो. तबलिगी प्रकरणातच औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर कडक ताशेरे मारले. पण ते येईपर्यंत पाच महिने फळवाल्यांनी जे सोसले ते कुणी भरून दिले नाही. आणि क्लिप खरी निघाली तर? मग त्या माणसाने गुन्हा केला आहे, हे स्वच्छ म्हणा. त्याचा बचाव करत बसू नका. हरकत एकाच गोष्टीला घ्यायची: एकाचा गुन्हा सगळ्यांच्या माथी मारण्याला.

इथेच तक्रारीची मोठी चूक होते. धर्मावर केलेली टीका, इतिहासावरचा वाद आणि माणसांविरुद्धची चिथावणी या तीन गोष्टी एकाच अर्जात कोंबल्या जातात. टीका बोचरी असली तरी तिचे उत्तर लेखाने द्यायचे असते. धर्माच्या हेतुपुरस्सर आणि दुष्टबुद्धीने केलेल्या अपमानासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे, पण ते सिद्ध करणे अवघड. समाजाविरुद्ध शत्रुत्व पसरवण्यासाठी कलम १९६ आहे. ‘हे लोक देशाशी निष्ठावान असूच शकत नाहीत’ किंवा ‘यांचे नागरिकाचे हक्क काढून घ्या’ अशा विधानांसाठी कलम १९७ आहे. वाचकांनी हे कलम जरूर लक्षात ठेवावे, कारण रोज ऐकू येणारी वाक्ये नेमकी याच चौकटीतली असतात आणि अर्जात हेच कलम राहून जाते. खोट्या बातम्या आणि अफवांसाठी ३५३. ‘सहासष्ट-अ’ मात्र लिहू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केले आहे. अर्जात ते दिसले की समोरच्या वकिलाला आयते हत्यार मिळते.

अर्ज कसा असावा? दीड पान, त्याहून मोठा नको. ‘आमच्या भावना तीव्रपणे दुखावल्या असून सदर इसमावर कठोरात कठोर कारवाई व्हावी’ या वाक्याने काहीही होत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘अमुक तारखेला, अमुक चौकात, सुमारे इतक्या लोकांसमोर, वक्त्याने भाषणाच्या चौथ्या मिनिटाच्या दहाव्या सेकंदाला पुढील शब्द उच्चारले’, आणि मग शब्द जसेच्या तसे, शिवीसकट, अवतरणात. आपल्या शहरात भाषण मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये किंवा तेलुगूतही होते. मूळ भाषेतले शब्द आधी, मराठी भाषांतर खाली. सबंध भाषणाचा उतारा जोडा, पण अधोरेखित तीन-चारच वाक्ये करा. चाळीस ओळी अधोरेखित केल्या की वाचणारा एकही वाचत नाही. त्यानंतर दोन गोष्टी सांगा. हे कोणत्या गटाला कोणत्या गटाविरुद्ध उभे करते? आणि ऐकणाऱ्यांना नेमके काय करायला सांगते: बहिष्कार, हाकलणे की मारहाण? सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे, की हेतू हवा, दोन समूहांचा उल्लेख हवा आणि मजकूर सलग वाचला पाहिजे. एक तोडलेले वाक्य जोडून नेलेली तक्रार उलटते.

एकाच घटनेसाठी दहा जणांनी दहा ठाण्यांत जाण्यानेही बळ वाढत नाही. एकाच घटनेचा दुसरा एफआयआर टिकत नाही, हे २००१ पासून ठरलेले आहे. फिर्यादी एक ठेवा, बाकीचे साक्षीदार. फिर्यादी तोच असावा ज्याने भाषण स्वतः ऐकले किंवा क्लिप स्वतःच्या फोनवर पाहिली, आणि जो तीन-चार वर्षांनी तारखेला उभा राहील. समाजातले मोठे नाव म्हणून पुढाऱ्याला फिर्यादी करतात, आणि ‘मला अमुकने सांगितले’ एवढेच त्याच्या जबाबात येते.

ठाण्यात तीन-चार जणांनीच जावे. त्यात एक वकील, एक महिला आणि शक्यतो दुसऱ्या धर्माचा एक शेजारी असावा. शंभर जण दारात उभे राहिले की तक्रारीचा विषय बाजूला पडतो आणि जमावाचा विषय सुरू होतो. अर्जाच्या तीन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, तारीख, वेळ आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. घटना कुठल्या हद्दीतली, यावरून परत पाठवत असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ते विसरले की अर्ज तिथेच संपतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ‘एन.सी. नोंदवून घेतो’ म्हणाले तर थांबा. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. कलम १९६, १९७ आणि २९९ दखलपात्र आहेत, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर नोंद बंधनकारक आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १२ नोव्हेंबर २०१३ चा ललिताकुमारी निकाल.

मात्र एक नवा फरक समजून घ्या, नाहीतर ठाण्यात विनाकारण भांडण होते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ रोजी एका खासदाराच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की बोलण्या-लिहिण्याच्या अशा प्रकरणांत ही चौकशी करणे योग्यच. ते खासदार मुस्लिम होते, कविता त्यांनी वापरली होती, आणि गुन्हा त्यांच्यावर होता. म्हणजे ही चाळणी अल्पसंख्याकांनाही वाचवते, तिच्यावर चिडू नका. फक्त १४ दिवस मोजा. पंधराव्या दिवशी लेखी विचारा. उत्तर नसेल तर शहरात पोलीस आयुक्त आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा अशा ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक यांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा आणि पोचीचा कागद जपा. तिथेही काही झाले नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह. आधीच्या दोन पायऱ्यांचे कागद जोडले नाहीत तर हा अर्ज फेटाळला जातो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचा देशभरचा क्रमांक १५१००. महिला, मुले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विडी आणि यंत्रमागाच्या या शहरात हे ठाऊक असलेले फार थोडे.

शेवटची अडचण मंजुरीची. कलम १९६ आणि २९९ च्या खटल्याची दखल घेण्यापूर्वी न्यायालयाला केंद्र किंवा राज्य सरकारची मंजुरी लागते, १९७ ला जिल्हाधिकाऱ्यांचीही चालते. एफआयआर आणि तपासाला ती लागत नाही. ‘आधी मंजुरी आणा’ असे कुणी म्हटले तर ते चूक आहे. प्रकरणे अडतात ती नंतर, प्रस्ताव टेबलावर पडून राहिल्यामुळे. म्हणून ९० दिवसांनी तपासाची प्रगती विचारा, तो फिर्यादीचा हक्क आहे. मग दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. त्यात ‘तपासात काय सापडले’ असे विचारले की तपास सुरू आहे म्हणून नकार येतो. ‘मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने, कोणत्या कार्यालयाला पाठवला’ एवढेच विचारा. याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि बरेचदा प्रश्न आल्यावरच प्रस्ताव हलतो.

सभा होण्यापूर्वीही काम असते. २८ एप्रिल २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवावा. त्याआधी ३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईतल्या एका सभेबाबत चित्रीकरण करण्याचे आणि गरज पडल्यास प्रतिबंधक कारवाईचे निर्देश दिले होते. वक्त्याच्या आधीच्या भाषणांचे उतारे किंवा त्याच्यावरच्या गुन्ह्यांचे क्रमांक हाती असतील तर चार-पाच दिवस आधी पोलीस आयुक्तांना अर्ज द्या. सभेवर बंदी मागू नका. अट आणि चित्रीकरण मागा. बंदी मागितली की मतस्वातंत्र्याचा वाद उभा राहतो. चित्रीकरण झाले की पुरावा सरकारच्याच ताब्यात राहतो.

बाकीच्या दारांबद्दल थोडक्यात, कारण तिथे मुदतीच जास्त महत्त्वाच्या. समाजमाध्यमाच्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, त्याने २४ तासांत पोच द्यायची असते. निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. नुसते ‘रिपोर्ट’चे बटण दाबणे म्हणजे ही तक्रार नव्हे. वृत्तवाहिनीवरच्या कार्यक्रमाबद्दल सात दिवसांच्या आत आधी वाहिनीला लिहावे लागते, मगच स्वनियमन संस्थेकडे जाता येते. आठव्या दिवशी लिहिलेले पत्र कितीही चांगले असले तरी मुदतीबाहेर जाते. वर्तमानपत्राबद्दल आधी संपादकांना पत्र, मग प्रेस कौन्सिलकडे दोन महिन्यांत. मूळ कात्रण आणि मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर जोडा, भाषांतराअभावी फाइल परत येते. कौन्सिल दंड करू शकत नाही, ठपका ठेवते. राज्य अल्पसंख्याक आयोग शिफारस करतो. शिक्षेची अपेक्षा ठेवून तिथे गेलात तर निराश व्हाल, पण अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागतो आणि तो खुलासा पुढे न्यायालयात कामी येतो.

परदेशातला एक अनुभव इथे उपयोगी पडेल. ऑस्ट्रेलियात १९९५ पासून वंशविद्वेषी वक्तव्याविरुद्ध देशपातळीवर दिवाणी तरतूद आहे, पण ती वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांपुरती. अरब म्हणून शिवी दिली तर दाद मागता येते, मुस्लिम म्हणून दिली तर त्या कायद्यात अडचण. सिडनीच्या राज्यात धार्मिक विद्वेषाविरुद्ध दिवाणी तरतूद यायला २०२३ उजाडले. डिसेंबर २००५ मध्ये सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर अरब दिसणाऱ्यांना जमावाने झोडपले, त्याआधी एसएमएस फिरत होते. त्याच वर्षी लेबनीज मुस्लिमांबद्दल बोललेल्या एका रेडिओ निवेदकाचे वक्तव्य विद्वेषी ठरायला २००९ उजाडले, जाहीर माफी आली डिसेंबर २०१२ मध्ये. सात वर्षे फिर्यादी टिकला म्हणून ती आली. उलट व्हिक्टोरिया राज्यात एका ख्रिस्ती संस्थेच्या व्याख्यानाविरुद्ध इस्लामिक कौन्सिलने खटला नेला, २००४ मध्ये जिंकला, २००६ मध्ये अपिलात तो निर्णय रद्द झाला आणि २००७ मध्ये समेट झाला. एरवी मोजक्याच माणसांपर्यंत राहिले असते ते व्याख्यान या काळात जगभर गेले. कोणती गोष्ट न्यायालयात न्यायची आणि कोणती नाही, हे ठरवताना तो खटला आठवावा.

आपल्याकडे ती वंश-धर्माची फट नाही. कलम १९६ मध्ये धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात सगळे आहे. बंगाली किंवा दख्खनी बोलतो म्हणून मजुराला ‘बांगलादेशी’ ठरवून हाकलण्याचे आवाहन झाले तर अर्जात धर्मासोबत भाषा आणि जन्मस्थान हे शब्दही लिहा.

आता उत्तर देण्याबद्दल. खोट्या क्लिपचा खुलासा त्याच दिवशी निघाला पाहिजे, दीडशे शब्दांत. पहिल्या ओळीत खरे काय ते, अफवेचा उल्लेख मधे एकदाच, मथळ्यात अजिबात नाही. लोक मथळाच वाचतात आणि अफवाच लक्षात ठेवतात. खुलासे उर्दूत निघतात आणि मशिदीच्या फलकावर लागतात, हे आमच्या मते सगळ्यात मोठे नुकसान आहे. ज्यांना गैरसमज झाला आहे ते तो फलक वाचतच नाहीत. सोलापुरात खुलासा आधी मराठीत, मग कन्नड आणि तेलुगूत हवा. पूर्व भागातल्या घरात तेलुगूत आलेला आवाजी मेसेज जे करतो ते दहा पत्रके करत नाहीत. या शहराला हे नवे नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत असलेले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे संपादक होते.

चिडून उलट स्टेटस ठेवणाऱ्या मुलांना घरच्यांनीच थांबवावे. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात जे पेटले त्याची सुरुवात मोबाईलवरच्या स्टेटसपासून झाली होती. ज्याने आधी चिडवले तो राहतो बाजूला आणि पहिला गुन्हा अठरा वर्षांच्या पोरावर दाखल होतो. पासपोर्ट, नोकरीची चारित्र्य पडताळणी, सगळे अडते. आणि आपल्या व्यासपीठावरून कुणी दुसऱ्या समाजाबद्दल तसलेच बोलला तर त्याच संध्याकाळी, त्याच माईकवरून त्याला खोडले पाहिजे. ते केले नाही तर आपल्या तक्रारीवर दुसऱ्या दिवशी कुणी विश्वास ठेवत नाही.

हातगाडीवाल्याला ‘इथे लावू नको’ म्हणून हटवले तर त्याने वाद घालू नये. पथविक्रेता प्रमाणपत्राची प्रत गाडीवर लावावी, ११२ ला फोन करावा आणि फोनची वेळ लिहून ठेवावी. शाळेत मुलाला ‘पाकिस्तानी’ म्हणून चिडवत असतील तर वर्गमित्राविरुद्ध पोलिसांत मुळीच जाऊ नका. वर्गशिक्षकांना तोंडी सांगा, आठवड्यात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी, कोणत्या तासाला काय शब्द हे लिहून. शिक्षकच तसे बोलत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मानसिक छळाला मनाई आहे आणि कारवाई सेवानियमांखाली होते.

ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठका सणापुरत्या, चहापुरत्या राहिल्या आहेत. १९८८ नंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या वर्षभर चालवल्या, त्यांत दोन्ही समाजांची साधी कामगार माणसे बसवली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आपल्या समित्यांत पुढारी कमी करून रिक्षावाले, भाजीवाल्या, यंत्रमाग कामगार आणि ग्रुप अॅडमिन घ्यावेत, बैठक दरमहा व्हावी, आणि इतिवृत्ताची प्रत सदस्यांना मिळावी, अशी आमची पोलीस आयुक्तांकडे मागणी आहे.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडेही. गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचा धर्म गुन्ह्याशी संबंध असेल तेव्हाच छापावा. व्हायरल क्लिपची बातमी ती तपासून मगच द्यावी. आणि चूक झाली तर दुरुस्ती ज्या पानावर बातमी होती त्याच पानावर, तेवढ्याच मथळ्यात यावी. आतल्या पानावर दोन ओळींत आलेली दुरुस्ती विजापूर वेशीतल्या फळवाल्याच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही.

आपले,
तक्रार साहाय्याचे काम करणारे काही वकील व शिक्षक,
सोलापूर